मांडू ते सारंगपूर: उसन्या महालातली दोन माणसं

मध्य प्रदेशातलं मांडू बघायला बहुतेक मंडळी इंदूरहून सकाळी निघतात आणि अंधार पडायच्या आत परततात. दुपारी बारा वाजता जहाजमहाल, मग होशंगशाहची कबर, जेवण, आणि शेवटी सगळ्या गर्दीबरोबर रूपमतीचा मंडप. तिथे गाईड पाच मिनिटांत प्रेमकथा उरकतो: सुलतान, गाणारी मुलगी, नर्मदेचं दर्शन, विष. ही कथा नीट बघायची तर पाच दिवस हाताशी हवेत आणि मांडूच्या पुढे सव्वादोनशे किलोमीटरवरच्या सारंगपूरलाही जायला हवं, कारण तिचा शेवट तिथे झाला.

निघण्यापूर्वी थोडा इतिहास. कथेतला सुलतान बाजबहादूर म्हणजे मियाँ बायझीद. बाप शुजाअतखान, शेरशाह सूरचा अफगाण सरदार. शेरशाहनं १५४२ मध्ये माळवा घेतला आणि पुढे त्याचा कारभार या सरदाराकडे आला. म्हणजे मांडूच्या जुन्या घोरी-खिलजी सुलतानांशी या घराण्याचं रक्ताचं नातं काहीच नव्हतं. बाप वारला तो १५५५ च्या सुमारास. दिल्लीत सूरांची सत्ता तेव्हा कोसळतच होती, मुलानं स्वतःला सुलतान म्हणवून घेतलं. भावाला मारलं, गोंडवनावर चालून गेला आणि राणी दुर्गावतीकडून सपाटून मार खाऊन परत आला. त्यानंतर त्याचं लक्ष राज्यापेक्षा गाण्यात जास्त राहिलं. रूपमती कोण, यावर एकमत नाही. कोणी तिला नर्मदाकाठच्या धरमपुरीची राजपूत मुलगी म्हणतात, कोणी सारंगपूरची. मोगल बखरकार तिला सरळ गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांत मोजतात. ‘राणी’ हा मान लोककथेनं दिलेला. दरबारासाठी ती हिंदू गाणारी, आणि माळव्यासाठी तो उपरा अफगाण.

पहिला दिवस: धुळे ते मांडू

महाराष्ट्रातून स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांनी इंदूरचा वळसा घेऊ नये. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्ग धरायचा. शिरपूर, सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट, जुलवानिया, आणि मग खलघाटचा नर्मदेवरचा पूल. पुलानंतर धामनोद, पुढे गुजरीपाशी महामार्ग सोडून धारचा रस्ता घ्यायचा, घाट चढायचा आणि लुन्हेऱ्याच्या फाट्यावरून मांडूकडे वळायचं. थांबे धरून पाच-साडेपाच तास. बिजासन घाटात ट्रकांच्या रांगा लागल्या तर तासभर सहज वाढतो, म्हणून धुळं सकाळी सातच्या आत सोडलेलं बरं.

या वाटेचा आणखी एक फायदा आहे. आधी निमाडचं सपाट मैदान आणि नर्मदा लागते, मग विंध्याचा कडा चढून मांडू. दुसऱ्या दिवशी मंडपावरून खाली बघताना आपण कुठून आलो ते ओळखता येतं. इंदूरकडून पठारावरून आलेल्या माणसाला मांडू डोंगरावर आहे हे कडा समोर येईपर्यंत कळतही नाही.

एसटी-रेल्वेनं येणाऱ्यांना मात्र इंदूरच सोयीचं. तिथल्या गंगवाल बसस्थानकावरून धारची बस, धारहून मांडूची. धार-मांडू ३५ किलोमीटर. शेवटची बस लवकर सुटते, त्यामुळे दुपारी तीनपर्यंत धार गाठायचं.

गावाच्या अलीकडे काकडा खोह नावाची खोल दरी आहे. माळव्याच्या पठारापासून मांडूचा डोंगर तोडते ती हीच. पावसाळ्यात तिथे धबधबा आणि भुट्टेवाले, बाकी वर्षभर कोरडी दरी. त्यानंतर रस्ता आलमगीर दरवाजा आणि पुढच्या दरवाजांतून आत शिरतो. कमानी अरुंद आहेत, समोरून बस आली तर एकानं मागे सरकावं लागतं.

मुक्कामाला दोन जागा: गावातली लॉज आणि राममंदिराची धर्मशाळा, किंवा सागर तलावाजवळचं पर्यटन महामंडळाचं मालवा रिसॉर्ट. दुसऱ्या दिवसाचं काम रेवाकुंडाकडे असल्यानं तलावाजवळ राहिलेलं सोयीचं. जुलै ते सप्टेंबरमधल्या शनिवार-रविवारी खोली आधी ठरवल्याशिवाय येऊ नये.

दुसरा दिवस: रेवाकुंड, महाल, मंडप

कथेच्या क्रमानं आधी कुंड, मग महाल, मग मंडप असं बघावंसं वाटतं. उजेड मात्र उलटा क्रम मागतो. मंडप सूर्योदयाला उघडतो तेव्हाच तिथे असायला हवं. नर्मदा मंडपाच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर आहे, मध्ये धूळ आणि धुरकं. सकाळी नऊनंतर हवा तापली की क्षितिज पांढुरकं होतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे दुपारी डोळ्यांत ऊन येतं आणि काहीच दिसत नाही. सर्वांत चांगला काळ ऑक्टोबर: पावसानं हवा धुतलेली, गवत अजून हिरवं, आणि सरदार सरोवराच्या फुगवट्याचं पाणी धरमपुरीपर्यंत आलेलं, त्यामुळे नदीचा पट्टा रुंद. ऐन पावसाळ्यात मांडू सुंदरच, पण मंडपावर ढग बसतात. नर्मदा बघायलाच आलेल्यांनी ऑगस्टमध्ये येऊन हिरमुसायचं कारण नाही, ते गणितच चुकीचं असतं.

गावापासून मंडप पाच-सहा किलोमीटर. गावात सायकली भाड्यानं मिळतात. ब्रेक दोन्ही चाकांचे तपासून घ्यावेत, कारण जाताना उतार बरे आहेत आणि शेवटचा चढ खडा आहे, तिथे सायकल हातात धरूनच न्यावी लागते. रेवाकुंड गटाचं तिकीट वेगळं, राजवाड्यांच्या गटाचं वेगळं, होशंगशाहच्या कबरीचं वेगळं. क्यूआर कोडवर तिकीट काढायचं तर मोबाइलला रेंज हवी आणि ती कड्याजवळ रुसते, म्हणून रोख सुटे पैसे जवळ ठेवावेत. पाणीही गावातूनच न्यावं.

मंडपाशी पोचल्यावर लगेच वर धावायचं नाही. आधी खाली, बाहेरून एक फेरी मारायची. पायाशी उतरती, जाडजूड भिंत आहे आणि तिच्यावर बुटकी, लांबट दालनं. हा सगळ्यांत जुना भाग. त्याला नक्षी नाही, नाजूकपणा नाही. ही पहाऱ्याची चौकी होती: समोर सुमारे ३६५ मीटरचा कडा, त्याखाली निमाडचं मैदान, आणि दख्खनकडून येणारी फौज एक दिवस आधी दिसणार. नंतर या चौकीला पश्चिमेकडे वाढीव काम केलं. छतावरच्या घुमटाच्या दोन छत्र्या त्याहूनही उशिराच्या. ज्या छत्र्यांचा फोटो सगळे काढतात आणि जिथे रूपमती नर्मदेचं दर्शन घेऊन मगच पाणी प्यायची असं सांगतात, तो भाग या इमारतीत सर्वांत शेवटी आला. भिंतीत दगडांचे थर कुठे बदलतात ते पाहिलं की हे टप्पे उघड्या डोळ्यांना कळतात.

तळघरातलं टाकंही चुकवू नये. या टोकावर झरा नाही, म्हणून छतावरचं पावसाचं पाणी खाली टाक्यात साठवायचं. शिपायांची तुकडी वर्षभर इथे राहायची तर दुसरा उपायच नव्हता. आत काळोख असतो, टॉर्च हवी, आणि पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ. माकडांपासून पिशवी सांभाळायची. वरच्या गच्चीला कठडा सगळीकडे नाही. लहान मुलांचा हात सोडू नये आणि सेल्फीसाठी मागे मागे सरकत जाऊ नये.

तिथून उतरून बाजबहादूरचा महाल. चढण मधल्या टप्प्यांच्या रुंद पायऱ्यांची, चाळीसेक. प्रवेशाच्या कमानीवर फारसी शिलालेख आहे. तो वाचता येत नसला तरी त्यात काय आहे ते माहीत असावं: हा महाल सुलतान नासिरुद्दीन खिलजीनं हिजरी ९१४ मध्ये, म्हणजे १५०८-०९ च्या सुमारास बांधला. बाजबहादूर गादीवर बसण्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी. त्यानं फार तर डागडुजी केली असेल. मंडप चौकीचा, महाल खिलजीचा. ज्या दोन इमारतींना या जोडीची नावं चिकटली आहेत, त्या दोन्ही मुळात दुसऱ्यांच्या आणि दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या. मांडूला आल्यावर हे एकदा समजलं की गाईडची कथा वेगळी ऐकू येते. राज्य हातात आलेल्या माणसाला नवं काही उभारायला ना वेळ होता ना पैसा. असलेल्या घरांत जागा करून घ्यायची होती, आणि त्यासाठी त्यानं निवडली ती गावापासून, जहाजमहालापासून, जामी मशिदीपासून सर्वांत लांबची घरं.

महालाच्या आत मधोमध चौक आणि हौद, चारी बाजूंना दालनं. उत्तरेला भिंतीबाहेर आलेला अष्टकोनी सज्जा, त्याखाली एके काळी बाग. दक्षिणेच्या गच्चीवर दोन बारादऱ्या, आणि तिथून मंडप समोर दिसतो. तो राजवाड्याच्या गच्चीतून तिच्याकडे बघत असे वगैरे इथे सांगतात. नजरेची रेषा खरी आहे, बाकीचं ऐकणाऱ्याच्या मर्जीवर. दालनातला आवाज मात्र स्वतः तपासण्यासारखा. गर्दी नसताना एका टोकाला षड्ज लावायचा आणि दुसऱ्या टोकाला उभं राहायचं. घुमतो, पण फाटत नाही. शाळेच्या सहली आल्या की हा प्रयोग अशक्य, म्हणून नऊच्या आत.

रेवाकुंड शेवटी. कथा अशी की रूपमतीनं अट घातली, नर्मदा मांडूत आली तर मी येईन. बाजबहादूरनं झाडाखाली खणलं आणि नर्मदेचाच झरा लागला. कुंडाच्या काठावर कमानींचं पडकं बांधकाम आहे आणि महालाला पाणी पोचवणाऱ्या पाटाचे अवशेषही. रहाटानं पाणी उचलायचं, पाटात सोडायचं, आणि उतारानं महालाच्या हौदापर्यंत न्यायचं अशी ती व्यवस्था. परिक्रमावासी आजही या कुंडावर येतात. उन्हाळ्यात पाणी हिरवट असतं, हात धुवायलाही नको वाटतं.

परतताना वाटेत दाई महाल, मलिक मुघीसची मशीद आणि कारवाँ सराई. मशिदीचं साल १४३२, खांब जुन्या मंदिरांचे. दाई महालाजवळ प्रतिध्वनीची जागा आहे आणि तिथे कायम कोणीतरी कोणाचं तरी नाव ओरडत असतं.

जेवायला दाल-पानिये मागावेत. मक्याच्या पिठाचे जाड गोळे पानांत दाबून गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, वरून तूप. आयते तयार नसतात. तासभर आधी सांगून ठेवलं तरच मिळतात.

तिसरा दिवस: गाव, राजवाडे आणि गोरखचिंच

या दिवसाचा आपल्या जोडीशी संबंध थोडा, पण तुलना करायला तो हवाच. जहाजमहाल शंभर मीटरहून लांब, एका अंगाला मुंज तलाव आणि दुसऱ्या अंगाला कपूर तलाव. खिलजी सुलतान गियासशाहनं जनान्यासाठी वापरला. छतावरून खाली पाणी आणणारी नागमोडी पन्हळ पाहावी. वळणं नक्षीपुरती नाहीत, पाण्याचा वेग मोडून गाळ बसावा म्हणून आहेत. हिंडोळा महालाच्या कललेल्या भिंती, चंपा बावडी, हमाम. तीन तास पुरतात. होशंगशाहची संगमरवरी कबर सकाळीच पाहावी, दुपारी फरशी तापते आणि जोडे बाहेर असतात. दारावरच्या लेखात शाहजहानचे वास्तुविशारद १६५९ मध्ये इथे येऊन गेल्याची नोंद आहे. शेजारची जामी मशीद १४५४ ची.

गावाच्या चौकात आणि रस्त्याच्या कडेला जी फुगलेल्या खोडाची झाडं दिसतात ती गोरखचिंच, इथल्या बोलीत मांडूची इमली किंवा खुरासानी इमली. झाड मूळचं आफ्रिकेतलं. सुलतानांच्या काळात बाहेरच्या व्यापाऱ्यांबरोबर ते इथे आलं असं मानतात. उन्हाळ्यात पानं नसतात तेव्हा उलटं लावल्यासारखं दिसतं, पावसाळ्यात पानं येतात, पांढरी फुलं रात्री उमलतात. मखमली सालीचं फळ फोडलं की आत कोरडा, पांढरा, आंबट गर. विकायला असतो, तुकडा चघळायचा, गिळायची घाई करायची नाही, बिया टणक असतात. तहान मारायला स्थानिक भिल्ल शेतकरी तो बरोबर ठेवतात. काही वर्षांपूर्वी इथली जुनी झाडं मुळासकट उपटून ट्रकांतून हैदराबादकडे न्यायला सुरुवात झाली तेव्हा गावकरीच आडवे आले. या डोंगरावर बाहेरून येऊन पुरतं रुजलेलं काही असेल तर हे झाड. सुलतानाला तेवढा वेळ मिळाला नाही.

संध्याकाळी नीलकंठ. साठेक पायऱ्या उतरून दरीच्या कडेला एक महाल, आत शिवमंदिर, अंगणात वळणावळणाची पन्हळ. हे बांधकाम अकबराच्या सुभेदारानं, शाह बुदागखानानं केलेलं. भिंतीवरच्या लेखांत वैभव टिकत नाही अशा अर्थाच्या ओळी आहेत. मांडू घेतलेल्या माणसांनी त्या कोरून ठेवाव्यात यात गंमत आहे. परत चढताना गुडघे बोलतात, वेळ राखून जावं.

चौथा दिवस: धार, इंदूर

सकाळी महेश्वर करून येता येतं, सुमारे ४० किलोमीटर, पण मग घाट पुन्हा चढा-उतरावा लागतो आणि पाचवा दिवस बिघडतो. महेश्वर वेगळ्या सहलीला ठेवावं. त्यापेक्षा धारमध्ये दोन तास घालवून संध्याकाळपर्यंत इंदूर गाठावं, शक्य असेल तर देवासला मुक्काम. दुसऱ्या दिवशीचे ३५ किलोमीटर आणि इंदूरची सकाळची कोंडी वाचते.

पाचवा दिवस: सारंगपूर

आग्रा रस्त्यानं देवास, मक्सी, शाजापूर आणि सारंगपूर. इंदूरपासून सुमारे १३० किलोमीटर, काली सिंध नदीच्या काठी. पर्यटकांची वर्दळ नाही, चांगलं हॉटेल नाही, पाट्याही कमी. जेवण शाजापूरला उरकून पुढे जावं.

बाजबहादूरचा मुक्काम १५६१ मध्ये इथेच होता. अधमखान आणि पीर मुहम्मद यांच्या मोगल फौजेनं मार्चच्या अखेरीस गावाबाहेर त्याला गाठलं. त्याचे अफगाण सरदारच मनापासून लढले नाहीत, फौज फुटली, तो पळाला. जाताना ठेवलेला हुकूम असा होता की हरलो तर जनान्यातल्या बायकांना मारून टाका. काही मारल्या गेल्या. रूपमतीवर वार झाले, पण ती वाचली. मग अधमखानानं तिला बोलावणं धाडलं आणि तिनं विष घेतलं. प्रेमकथेत हा हुकूम सहसा गाळतात. तो गाळला की कथा गोड होते आणि रूपमतीचा निर्णय मात्र निम्माच कळतो: दोन्ही बाजूंच्या पुरुषांनी तिला लुटीचा माल धरलं होतं, आणि ज्याच्यासाठी तिनं विष घेतलं असं म्हणतात तोही त्यात होता.

अधमखानानं लूट स्वतःकडेच ठेवली म्हणून अकबर आग्र्याहून घाईनं इथवर आला. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या किल्ल्यात अकबरानं अधमखानाला गच्चीवरून खाली फेकवलं. पीर मुहम्मद बऱ्हाणपूर लुटून परतताना नर्मदेत बुडाला. मधल्या काळात बाजबहादूरनं माळवा परत घेतला, काही महिन्यांत पुन्हा गमावला. रूपमतीची कथा फारसीत सविस्तर लिहिली गेली ती १५९९ मध्ये, घटनेनंतर ३८ वर्षांनी. अटी, झरे, नर्मदादर्शन वगैरे तपशील वाचताना हे अंतर लक्षात ठेवावं.

सारंगपुरात रूपमतीची म्हणून पडकी कबर दाखवतात. गावात ‘रूपमती का मकबरा’ असं विचारावं. नुसतं ‘मकबरा’ म्हटलं तर भलतीकडे पाठवतात. बूट घालून जावं, काटेरी झुडपं असतात, आणि पावसाळ्यात वाट चिखलाची होते. अर्धा तास पुरे. दुसरा दावा उज्जैनचा आहे: दोघंही तिथे तलावाच्या मधोमध एका कबरीत आहेत असं जुन्या इंग्रजी टिपणांत लिहिलेलं आढळतं. दोन्ही दावे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. सारंगपूर निदान मृत्यूच्या जागेजवळचं आहे, म्हणून जायचंच तर तिथे.

बाजबहादूर त्यानंतर खानदेश, गुजरात, मेवाड असा जवळजवळ दहा वर्षं आसरा शोधत फिरला. १५७० मध्ये अकबराला शरण गेला आणि मनसबदार झाला. अकबराचा इतिहासकार अबुल फजल यानं दरबारातल्या गवयांची यादी दिली आहे, तानसेनापासून सुरू होणारी. तीत बाजबहादूरचं नाव आहे, जोड नसलेला गायक अशा शब्दांत.

सारंगपूरहून परतीला दुपारी तीनच्या आत निघावं. देवासच्या पुढे संध्याकाळी ट्रकांची रांग लागते आणि इंदूरच्या बाह्यवळणावर रात्री धुळ्याकडचा फाटा चुकतो. राऊपर्यंत सरळ जाऊन तिथून महूच्या दिशेनं खाली उतरावं. रात्रीचा मानपूर घाट टाळायचा असेल तर मुक्काम महूलाच.